डहाणूकर कॉलनीतलं आमचं पोळी-भाजी केंद्र

डहाणूकर कॉलनीत आमच्या मागच्या गल्लीत जे छोटं पोळी-भाजी केंद्र आहे त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्यात हॉटेलांबद्दल सगळे भरभरून लिहितात, पण ज्यांच्या जिवावर रोजचे डबे भरतात त्या केंद्रांबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही.

आधी पोळी. घडीची, पातळ, पदर छान सुटलेले, आणि सकाळी आणलेली पोळी रात्रीच्या जेवणालाही मऊ असते. हे दिसतं तेवढं सोपं नाहीये, कणीक सैल मळून तेलाचा हात लावून मुरवायला लागते, घडी घालताना आत तेल-पीठ दोन्ही लागतं, लाटताना कड जाड राहून चालत नाही आणि तवा नीट तापला नसेल तर पोळी वातड होते. इथे दोघी मावशी लाटतात, तिसरी भाजते, आणि हे सगळं सकाळच्या गर्दीत, समोर लोक घाई करत उभे असताना. घरी निवांत चार पोळ्या करणं वेगळं आणि अशा ढिगाने एकसारख्या करणं वेगळं, ते कसब आहे आणि त्याला तेवढा मान मिळायला पाहिजे.

एका पोळीचे १२ रुपये घेतात. त्यावरून रांगेत कोणीतरी कुरकुर करतंच, की एवढ्याशा पिठाचे एवढे पैसे? मला याचा खरंच राग येतो. पिठाचा हिशोब सगळ्यांना येतो, गॅसचा पण येतो, लाटणाऱ्या हाताचा मात्र येत नाही कारण घरात त्याचे पैसे कोणी कधी मोजलेच नाहीत. सरकारच्या टाइम यूज सर्व्हेचे, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो त्या पाहणीचे आकडे बघा, २०१९ मध्ये स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जायचा आणि पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये ते २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून नाही, त्यांची स्वतःचीच नऊ कमी झाली! मग ज्या घरात बाईचा सकाळचा तास वाचतोय तिथे तो अशाच कुठल्यातरी मावशींनी वाचवलेला असतो असं मला वाटतं, आणि त्या मावशी इथलं काम संपवून घरी जाऊन परत पोळ्या लाटतात, हे मला त्यांच्यातल्या एकीनेच सांगितलं.

दुसरं म्हणजे ते टोमणे. माझी मैत्रीण रांगेत उभी होती तर सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या, अगंबाई, पोळ्या पण विकतच्या? तिच्या पुढेच एक गृहस्थ उभे होते, त्यांना मात्र काकू म्हणाल्या, वा, बायकोला मदत करता, छान. रांग तीच, पोळ्या त्याच. नोकरी करणाऱ्या बाईने पोळ्या विकत घेतल्या म्हणून तिच्या संसारात काही कमी पडत नाही, आणि नोकरी न करणारीने घेतल्या तरी नाही. तिला कंटाळा आला एवढं कारणसुद्धा पुरेसं आहे.

बायकांनी रांधून पैसे मिळवणं आपल्याकडे नवीन थोडीच आहे, मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्याच, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आमचं केंद्रही एक ताईच चालवतात, हिशोब तोंडपाठ, आणि मावशींना पगारी सुट्टी देतात.

भाज्यांचं म्हणाल तर बटाट्याची सुकी भाजी आणि पीठ पेरलेली मेथी डोळे झाकून घ्या. तोंडलीत तेल जास्त असतं, मी ताईंना दोनदा बोललेय. आमटी पातळ असते, ती घरीच करा. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी असते, मोकळी आणि शेंगदाण्याचं कूट सढळ, लवकर संपते. मोठी तक्रार एकच, तव्याजवळ फार उकडतं, एक्झॉस्ट फॅन छोटा आहे, एप्रिल-मेमध्ये मावशींचे हाल होतात. ताईंनी यावर्षी मोठा बसवावा, त्यासाठी पोळीमागे रुपया वाढवला तरी मी आनंदाने देईन.

जाताना स्वतःचा डबा आणि सुती फडकं न्या, फॉइलमध्ये गरम पोळ्यांना घाम सुटतो. ज्वारीची भाकरी फक्त संध्याकाळी, ती पण सकाळी फोन करून सांगितलं तरच मिळते.