चिठ्ठीवर १९४० चं दशक, कोट निघाला माझ्याच वयाचा: जर्सीतल्या एका विंटेज दुकानाचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मालकीण बाई चांगली आहे आणि तिने पैसेही कमी केले, पण इथे न्यू जर्सीत हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी विंटेजच्या नादाला लागल्यात म्हणून सांगते.

दुकान तसं मस्त आहे. कपडे स्वच्छ, ट्रायल रूमचा पडदा नीट लागतो, वास म्हणाल तर थोडासा डांबरगोळीचा, तो मला चालतो, आमच्या घरच्या ट्रंकेला तोच वास होता. नोव्हेंबरात गेले तर एक बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा लोकरीचा कोट टांगलेला, रुंद खांदे, कंबरेत बारीक, ही मोठी बटणं, आणि चिठ्ठीवर "१९४० चं दशक, १६० डॉलर". अंगात घातला आणि खरं सांगते, युद्धाच्या काळातल्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातली बाई वाटले मी मलाच!

पण आई शिवणकाम करायची, कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायचा ही सवय हाडात. तिथेच उलटा केला.

पहिलं म्हणजे "ड्राय क्लीन ओन्ली" असं छापलेलं लेबल. कपडा कसा धुवायचा हे लेबलवर लिहायची सक्ती अमेरिकेत १९७२ पासून झाली. आता काही कंपन्या त्याच्या आधीपण स्वतःहून लिहायच्या त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावू नका, पण शंका तर आली. मग अस्तर बघितलं, शंभर टक्के पॉलिएस्टर. अहो पॉलिएस्टर अमेरिकेत बाजारात आलं तेच १९५० नंतर, चाळीसच्या दशकातल्या कोटाला कुठून लागणार? तरी म्हटलं अस्तर नंतर बदललं असेल, लोक बदलतात, चेनही बदलतात, म्हणून एकाच खुणेवर कधी जाऊ नये. मग खांद्यात हात घातला तर पॅड चक्क वेल्क्रोने चिकटवलेले, चर्र करून निघाले हातात. वेल्क्रोचं पेटंटच १९५५ चं आहे. तिथे मला हसू आलं.

खरी मजा आतल्या शिवणीतल्या छोट्या लेबलात होती. इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनचं लेबल, लाल पांढरा निळा. ही युनियन १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, १९९५ मध्ये दुसऱ्या युनियनमध्ये विलीन झाली, आणि मध्ये लेबलचं डिझाइन बदलत गेलं. हे तिरंगी लेबल १९७४ नंतरचं. म्हणजे कोट १९७४ ते १९९५ च्या मधला, विषय संपला. माझे आजोबा परळला गिरणीत होते, १९८२ च्या संपाच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, त्यामुळे कपड्यावर कंपनीच्या नावासोबत शिवणाऱ्यांच्या युनियनचं नाव बघून कसंतरीच झालं. आपल्याकडे गिरणीच्या कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असायचं, कामगारांचं कुठे होतं हो?

लेबलवर आरएन नंबरपण होता, ५४ हजाराच्या आसपासचा. हा अमेरिकी सरकारचं फेडरल ट्रेड कमिशन कंपनीला देतं आणि त्यांच्या साइटवर फुकट शोधता येतो. विंटेजवाले एक ढोबळ हिशोब करतात, नंबरातून १३६७० वजा करायचे, २६३५ ने भागायचं आणि १९५९ मिळवायचे. माझं उत्तर १९७४ च्या जवळ आलं. पण इथे बरेच जण चुकतात, हे वर्ष कंपनीला नंबर मिळाल्याचं, कोट शिवल्याचं नाही. त्याच नंबरावर कंपनी पुढे वीस वर्षं कपडे काढू शकते. म्हणजे कोट त्याच्या आधीचा नाही एवढंच कळतं. बाकी खांदे सांगतात, चाळीसच्या दशकातले रुंद खांदे ऐंशीच्या दशकात परत फॅशनमध्ये आले होते, आणि फसगत झाली ती तिथेच. माझा अंदाज १९८० ते ८८. मी ८३ ची!

काउंटरवर गेले, भांडले नाही, फक्त लेबलं दाखवली. बाई म्हणाली ज्यांच्याकडून घेतला ते म्हणाले आजीचा कोट आहे. आता आजीचा असेलच की, पण आजीने तो साठीत घेतला असेल ना! हिने आजीचं वय कोटाला लावलं. बिचारी ओशाळली, ९० डॉलरला दिला. चिठ्ठी बदलली का माहीत नाही, तिथे अजून दोन "१९४०" वाले टांगलेले होते, मी उलटे करून बघितले नाहीत, नवरा गाडीत हॉर्न वाजवत होता.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणे "अगं असले कपडे आपण बोहारणीला द्यायचो आणि वर स्टीलचं पातेलं घ्यायचो, तू पैसे देऊन आणतेस?" मग स्वतःच म्हणाली शिवण जरा जवळून दाखव, आणि दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, चांगली सोडलीय.

तक्रार एकच, माल परत घेतात पण पैसे देत नाहीत, सात दिवसांत दुसरं काहीतरी घ्यायचं, आणि हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात. बाकी कोट उबदार, वजनदार, ९० ला अजिबात महाग नाही, १६० ला होता. दुकानाला पाचपैकी साडेतीन, चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला एक. पॅड काढून कपाटात ठेवलेत, वेल्क्रोचा तेवढा फायदा. बाह्या दीड इंच लांब होतायत, त्या एप्रिलमध्ये आई आली की बघू.