घर कुठे घ्यावे: शाहूपुरी, गांधीनगर की गोकुळ शिरगाव?

कोल्हापुरात घर शोधणारी मंडळी कोणत्याही वस्तीबद्दल पहिल्यांदा ‘तिथे राहतात कोण?’ असे विचारतात. बाहेरून आलेली माणसे तिथे कोणत्या अटींवर आली, हे विचारले तर वस्तीचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो, असे माझे मत आहे. पुढील तिन्ही वस्त्या स्थलांतरितांनीच घडवल्या, पण तिघींतले राहणीमान एकमेकींशी जुळत नाही.

शाहूपुरीचे फारसे सांगावे लागत नाही. १८९१ मध्ये रेल्वे कोल्हापूरला पोहोचली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिल्यामुळे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीत जुन्या इमारतींत अजून दिसते. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक पायी अंतरावर आहेत. त्यामुळेच लॉज, रिक्षा आणि पार्किंगची ओढाताणही आहे. भाव चढे आहेत. कुंभार गल्लीच्या बाजूचे घर पाहत असाल, तर २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

गांधीनगरची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवडे येथे, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या जागी, पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही शहरातील महावीर उद्यानात आहे. १९४८ पर्यंत ते इथून निघून गेले आणि फाळणीने घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना तिथे आसरा मिळाला. परतायला गाव उरले नसल्याने त्यांनी इथेच मुळे धरली आणि कापडाची अशी घाऊक पेठ उभी केली, की कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले दुकानदार माल भरायला येतात. राहणाऱ्याला याचा फायदा असा की रोजगार दाराशी आहे आणि सणासुदीला वस्ती एकत्र येते. चेटीचंड या सिंधी नववर्षाच्या मिरवणुकीत त्याचा प्रत्यय येतो. मात्र पेठेचे यशच घरांच्या मुळावर आले आहे. मुख्य रस्त्यालगत राहती घरे एकेक करून गोदामे झाली असून, सकाळी अकराच्या सुमारास टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरत असताना शाळेच्या रिक्षाला वाट मिळणे मुश्कील होते. शिवाय ही पेठ महापालिकेच्या हद्दीबाहेर, शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दींत पसरलेली आहे. १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून हद्दवाढ रखडलेली असल्याने कचरा आणि गटार यांची तक्रार नेमकी कुणाच्या दारात न्यायची, हे प्रत्येक गल्लीगणिक बदलते.

गोकुळ शिरगावात औद्योगिक वसाहतीने माणसे आणली. फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार ठेकेदारामार्फत राबतात. बहुतेक जण कुटुंब गावी ठेवून आलेले असतात आणि एका खोलीत चौघे-पाचजण पाळ्या सांभाळून झोपतात. त्यांच्यामुळे परिसर बकाल होतो, हा आक्षेप मला अर्धवट वाटतो. परसात पत्र्याच्या खोल्या बांधून भाडे घेणारा घरमालक स्थानिकच असतो, आणि इतक्या माणसांमागे एकच संडास ठेवण्याचा निर्णयही त्याचाच असतो. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेने कामगार गावी गेले, तेव्हा याच भाड्यावर आणि उधारीच्या वह्यांवर किती घरांचा संसार चालतो, हे सर्वांनाच कळले. ज्यांची खोली ठेक्यासोबत सुटते, त्यांनी गल्ली सुधारण्यात जीव गुंतवावा, ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे.

मुले शाळकरी असून पैशाची ऐपत असेल, तर मी शाहूपुरीचा उंचावरचा भाग सुचवीन. कापडाचा धंदा करायचा असेल, तर गांधीनगरला पर्याय नाही. फक्त घर मागच्या गल्लीत घ्यावे आणि ते भर बाजाराच्या वेळी पाहावे. कारखान्यात नोकरी असणाऱ्याला गोकुळ शिरगाव स्वस्त आणि सोयीचे पडते. तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगेपेक्षा स्वतः राहणाऱ्या मालकांच्या प्लॉटची गल्ली निवडावी, आणि व्यवहारापूर्वी प्लॉट बिगरशेती (एनए) आहे का आणि सांडपाण्याची सोय कशी आहे, हे स्वतः तपासावे.