बोलण्यासाठी सप्लिमेंट: माशाचं तेल, लोह-बी १२ की वेखंड?

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी पाण्याला 'पा' म्हणायचा आणि बाकी सगळ्याला 'अं'. सासूबाई म्हणाल्या, "जीभ जड आहे गं, वेखंड उगाळून लाव." ऑफिसातल्या मैत्रिणीने माशाचं तेल सुचवलं. दादरला केमिस्टकडे गेले तर त्याने तीन डबे पुढे ठेवले, तिन्हींवर मेंदूचं चित्र. तुम्हीही अशाच काउंटरसमोर उभे असाल, तर मी नंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि घरात करून पाहिलं, ते सांगते.

माशाचं तेल, म्हणजे ओमेगा-३

सगळ्यात जास्त आशा याच्याभोवती आहे. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. व्हर्बल अप्रॅक्सिया असलेल्या, म्हणजे शब्द डोक्यात तयार असूनही तोंडाच्या हालचाली जुळवता न येणाऱ्या, १८७ मुलांना ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन ई दिलं होतं. त्यातल्या १८१ घरांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. आकडा वाचून माझाही हात पर्सकडे गेला होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सुधारणा मोजली होती ती आईवडिलांच्या सांगण्यावरून. अडीच-तीन वर्षांचं मूल सहा महिन्यांत तसंही पुढे सरकतं, थेरपी चालू असेल तर जास्तच. मग श्रेय तेलाला द्यायचं की वयाला, हे त्यातून कळत नाही. पुढे जानेवारी २०१५ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मिश्रणाची 'स्पीक' नावाची गोळी विकणाऱ्या नरिशलाइफ कंपनीवर कारवाई केली. मुलांच्या बोलण्याच्या अडचणी दूर होतात, या दाव्याला पुरेसा पुरावा नव्हता. कंपनीला दोन लाख डॉलर भरावे लागले.

तेल वाईट नाही. नेहमीच्या मात्रेत फार तर वासाचे ढेकर येतात, पोट थोडं ढिलं होतं. व्हिटॅमिन ईचे मोठे डोस मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने रक्त गोठायला अडथळा येऊ शकतो. आणि कॉड लिव्हर ऑईल हे वेगळं तेल आहे, हे लेबलवर बघा. त्यात व्हिटॅमिन ए असतं आणि ते जास्त झालं तर अंगावर येतं. मासे खाणारं घर असेल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली द्या, ओमेगा-३ भरपूर मिळतं. जवसातही ओमेगा-३ असतं, पण मेंदूला लागणाऱ्या रूपात त्याचा फारच थोडा भाग बदलतो.

लोह आणि बी १२

इथे मी पैसे घालायला सांगेन, पण रक्त तपासल्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया आढळला. म्हणजे बोलायला उशीर होणाऱ्या आपल्या मुलातही लोह कमी असण्याची शक्यता मोठी. वाढत्या मेंदूला लोह लागतंच, आणि ते कमी असलेलं मूल चिडचिडं, मरगळलेलं, लक्ष न टिकणारं असतं. माझ्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. सिरप सुरू केल्यावर तीन महिन्यांत भूक वाढली, आणि जो पाच मिनिटं बसत नव्हता तो थेरपीत वीस मिनिटं बसायला लागला. शब्द सिरपने आले नाहीत. बसणं मात्र आलं, आणि त्याशिवाय शब्द कुठून येणार होते?

सिरप दुधासोबत देऊ नका, लिंबाच्या सरबतासोबत द्या. आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा. लोह एकदम जास्त पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

बी १२ची गोष्ट आणखी निकडीची. आई पूर्ण शाकाहारी, दूधही फारसं न घेणारी, आणि बाळ बरेच महिने फक्त अंगावरच्या दुधावर, अशा घरात बाळाला बी १२ कमी पडू शकतं. बाळ मंद होतं, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. हे वेळेत ओळखलं तर उपचार आहे, आणि तो लवकर करावा लागतो.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी द्या, बोलण्यासाठी नको. ६०,००० युनिटचा डोस आठवड्याचा असतो. तो चुकून रोज दिला तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

वेखंड, ब्राह्मी, सुवर्णप्राशन

सासूबाईंचा जीव नातवात होता, म्हणून हे सांगणं मला जड गेलं. वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य असतं. त्याचे प्राण्यांवरचे परिणाम पाहून अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. मधातून चाटवायचं म्हणाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. सुवर्णप्राशनात सोन्याचं भस्म असतं, आणि धातू असलेल्या काही आयुर्वेदिक औषधांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं तर मेंदूचंच नुकसान करतं. ब्राह्मीने मुलं बोलायला लागतात असा भरवशाचा पुरावा मला मिळाला नाही. आमच्याकडे सहाण पुन्हा फडताळात गेली.

डब्यातली पावडर आणि फॉलिनिक ॲसिड

दुधात घालायच्या पावडरीत बहुतेक वेळा साखर भरपूर असते. खाणारं मूल असेल तर सोडून द्या. सप्टेंबर २०२५ पासून ऑटिझम असलेल्या मुलांच्या बोलण्यासाठी फॉलिनिक ॲसिडचीही खूप चर्चा आहे. ते सप्लिमेंट नाही, औषध आहे. ज्या छोट्या अभ्यासाचा दाखला देतात त्यात ऑटिझम असलेली ४८ मुलं होती. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मग पैसे कुठे घालायचे

पहिले पैसे कानावर. मूल नीट ऐकत नसेल तर कुठलीही बाटली वाया. बेरा नावाच्या ऐकण्याच्या चाचणीत मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवलेल्या, आणि मी श्वास धरून स्क्रीनवरच्या रेषा बघत होते. कान ठीक निघाले. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ऐकण्याची तपासणी आणि स्पीच थेरपी दोन्ही होतात. खासगी थेरपी परवडत नसेल तर आधी तिथे जा.

आम्ही महिन्याचे तेलाचे बाराशे रुपये थेरपीच्या दोन जादा सेशनकडे वळवले. तिथल्या ताई आरशासमोर बसवून ओठ मिटायला लावायच्या, 'पा'नंतर 'णी'साठी जीभ वर कशी जाते ते दाखवायच्या, आणि तेच आम्हाला घरी रोज दहा मिनिटं करायला सांगायच्या.

तरीही डॉक्टरांना विचारून एखादी बाटली सुरू करणार असाल, तर त्या दिवशी मूल बोलतं ते सगळे शब्द कालनिर्णयच्या पानामागे लिहून काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन महिन्यांनी यादी पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं थेरपिस्टला दाखवा. आमच्या पहिल्या पानावर चार शब्द होते: पा, आई, गाई, नको.