दिवाळीत स्पीती: शिमल्याच्या वाटेने की मनालीच्या?

दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलमधल्या स्पीती खोऱ्यात जाणाऱ्याने सर्वांत आधी वाट ठरवावी, कारण गाडी, मुक्काम आणि रजा या तिन्ही गोष्टी त्या एका निर्णयामागून येतात. स्पीतीचे मुख्य गाव असलेल्या काझ्याला पोहोचणाऱ्या वाटा दोन आहेत. पहिली शिमल्याहून रामपूर, रेकाँग पिओ, नाको आणि ताबो अशी आधी सतलजच्या आणि मग स्पीती नदीच्या काठाने चढत जाते. ती चारशे किलोमीटरांहून थोडी अधिक भरते. दुसरी मनालीहून अटल बोगद्यातून शेजारच्या लाहौल खोऱ्यात उतरते आणि कोकसर, ग्रांफू, बातल करत कुंझुम खिंड ओलांडून काझ्याला येते. तिची लांबी पहिलीच्या निम्म्याच्या आसपास आहे. नकाशा समोर ठेवून बसलेला माणूस साहजिकच दुसरीकडे झुकतो. माझा सल्ला मात्र उलटा आहे, आणि हंगामाआधीचे बर्फ हेच त्याचे मुख्य कारण आहे.

कुंझुम खिंड सुमारे 4,550 मीटर उंचीवर आहे. शिमल्याकडची वाट काझ्यापर्यंत 3,800 मीटरच्या वर कुठेही जात नाही. ऑक्टोबरमध्ये बर्फ दोन्हीकडे पडू शकते, पण नाको-ताबोच्या बाजूला पडलेले पहिले बर्फ बहुधा एक-दोन दिवसांच्या उन्हात रस्त्यावरून ओसरते आणि कुंझुमवर पडलेले तिथेच ठाण मांडते. शिवाय खालच्या वाटेवर दर काही किलोमीटरांवर गाव लागते, म्हणजे अडकलात तरी कुणाच्या तरी चुलीपाशी अडकता. मनालीच्या वाटेवर ग्रांफूपासून कुंझुमपलीकडच्या लोसरपर्यंत मात्र बारमाही वस्तीचे एकही गाव नाही. छत्रू आणि बातल येथे आहेत ते हंगामी ढाबे, आणि थंडी वाढू लागली की ते आवरून खाली जातात. मोबाईलला रेंज नाही, पेट्रोलपंप नाही, आणि रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी नदीच्या गोट्यांवरून काढलेली चाकोरी.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो फार पसरलेला आहे. अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून ‘आता मनालीकडून बर्फाची भीती उरली नाही’ असे लोक सर्रास म्हणतात. नऊ किलोमीटरांचा हा बोगदा रोहतांग खिंड टाळतो, कुंझुम टाळत नाही. लाहौलमधल्या केलाँगला किंवा सिस्सूला जाणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. स्पीतीला जाणाऱ्याची मात्र अर्धीच अडचण त्याने सुटते, आणि उरलेली अर्धी अधिक उंच आहे.

तारखेवर विसंबणेही धोक्याचे आहे. 2018 साली सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे गणपती विसर्जनाची धावपळ चालू असताना, लाहौल-स्पीतीत एवढे बर्फ पडले की शेकडो पर्यटक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. 2023 मध्ये तर कुंझुमजवळच्या चंद्रताल सरोवरावर भर जुलैत पर्यटक बर्फात अडकून पडले होते. परतणाऱ्या मोसमी वाऱ्यांची ओल आणि पश्चिमेकडून येणारा झंझावात यांची गाठ पडली की पाऊस एरवीपेक्षा जोरदार होतो आणि चार हजार मीटरच्या वर तोच पाऊस बर्फ होऊन कोसळतो. बंगालच्या उपसागरातील वादळेही या हिशेबात धरावी लागतात: 2014 मध्ये हुडहुड वादळ 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला लागले आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ओलाव्याने नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात केवळ हिमाचलचा नव्हे, तर अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींवरचा हवामान अंदाजही पाहावा.

त्यात आपली दिवाळी तिथीने चालते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये ते 12 नोव्हेंबरला आले होते. कुंझुमच्या दृष्टीने हे तीन आठवडे म्हणजे दोन वेगळे ऋतू आहेत. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर मनालीच्या वाटेचा विचारच सोडून द्यावा. ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असेल तरच पुढची तुलना कामाची.

मनालीच्या बाजूने बोलायचे तर दिवस वाचतात, आणि सात दिवसांच्या रजेत चंदीगडहून जाऊन-येऊन स्पीती बसवायची असेल तर त्या वाटेचा मोह समजण्यासारखा आहे. पण वाचलेले ते दिवस शरीराच्या खात्यातून वजा होतात. दोन हजार मीटरवरच्या मनालीतून सकाळी निघालेला माणूस दुपारी साडेचार हजारांवर असतो, तेव्हा डोके ठणकू लागते आणि मळमळते. नेमक्या त्याच वेळी बर्फ सुरू झाले तर गाडीतली निम्मी माणसे कामातून गेलेली असतात. शिमल्याकडून सांगला किंवा कल्पा, मग नाको, मग काझा असे टप्प्याटप्प्याने चढल्यास हा त्रास बराच कमी होतो. या वाटेचे वैगुण्य म्हणजे ती ज्या किन्नौर जिल्ह्यातून जाते तिथल्या दरडी. निगुलसरीजवळ 2021 मध्ये कोसळलेल्या दरडीखाली बस सापडून प्राणहानी झाली होती, आणि नाकोजवळचा मलिंग नाला आजही कुप्रसिद्ध आहे. तरी दरडीने अडवलेल्या गाडीला मागे फिरून गाव गाठता येते. बर्फाने कुंझुम आणि कोकसरच्या मध्ये कोंडलेल्या गाडीला ती सोय नसते.

तयारीसुद्धा वाटेप्रमाणे बदलते. शिमल्याकडून जाणाऱ्याला दोन राखीव दिवस, गरम कपड्यांचे थर आणि सवयीचा स्थानिक चालक एवढे पुरे होते. मनालीकडून जाणाऱ्याने चाकांच्या साखळ्या, फावडे, प्रत्येकी एक जाड रजई किंवा स्लीपिंग बॅग, दोन दिवसांचे न शिजवता खाता येईल असे अन्न आणि भरलेली टाकी यांशिवाय बोगद्याच्या पुढे जाऊ नये. साखळी चाकावर चढवण्याचा सराव घरच्या पार्किंगमध्ये, हातमोजे घालून करावा. बोटे बधिर झाली की तिचा शेवटचा आकडा कडीत अडकवणे हे सुईत दोरा ओवण्याइतके जिकिरीचे होते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते गोठून फुगते आणि भाग तडकतात, म्हणून कूलंटची खात्री गॅरेजमध्येच करून घ्यावी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो तसाच गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. बर्फात अडकून गाडीतच बसण्याची वेळ आली तर इंजिन सलग चालू ठेवू नये आणि सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या तोंडावरचे बर्फ काढावे, कारण तो बुजला की विषारी वायू आत शिरतो.

निघण्याच्या वेळेबाबत उन्हाळ्यात गेलेले लोक हमखास चुकीचा सल्ला देतात. जुलैत हिमनद्यांचे पाणी दुपारी चढते, म्हणून नाले पहाटे ओलांडतात. ऑक्टोबरअखेर त्याच नाल्यांचे रस्त्यावर पसरलेले पाणी रात्री गोठते, आणि सावलीच्या वळणावर डांबरासारखाच काळा दिसणारा काचेसारखा थर तयार होतो. ऊन तिथवर पोहोचेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, थांबणे शहाणपणाचे. दिवस मात्र सहाच्या आत मावळतो, त्यामुळे हाताशी सात-आठच तास उरतात.

परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर शिमल्याकडच्या वाटेवर जंगी ते सुमदो या सीमेलगतच्या टप्प्यासाठी त्यांना परवाना लागतो. भारतीय नागरिकांना लागत नाही.

ज्यांना मनाली पाहायचीच आहे त्यांनी ती वाट परतीसाठी ठेवावी, आणि तीही पर्याय म्हणून. जाताना शिमल्याकडून जावे, काझ्यात टाकी भरावी, आदल्या संध्याकाळी बाजारातल्या चालकांना ‘टॉप खुला है क्या’ एवढेच विचारावे. तिथे कुंझुमला टॉपच म्हणतात. होकार मिळाला तरी लोसरला थांबून बातलकडून गाड्या येत आहेत का, ते पाहावे. अकरापर्यंत पलीकडून एकही गाडी उतरली नाही, तर काझ्याकडे परत फिरावे. ते अंतर साठेक किलोमीटर आहे, आणि राखीव दोन दिवस हाताशी असले तर ताबो-नाकोवरून शिमला गाठायला ते पुरतात.