समर टर्मची जनरल केमिस्ट्री: आठ आठवड्यांची असेल तरच घ्या

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये उन्हाळ्यात मिळणारा जनरल केमिस्ट्रीचा पहिला कोर्स पैशाच्या हिशेबाने उत्तम आहे. राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे (कोर्सचं वजन मोजायच्या एककामागे) ४६ डॉलर पडतात. कोर्स बहुधा ५ युनिटांचा असतो, म्हणजे लेक्चर आणि लॅब मिळून २३० डॉलर. पुस्तक आणि किरकोळ शुल्क वेगळं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला हा दर मिळत नाही. त्याला कितीतरी जास्त भरावे लागतात, तेव्हा नाव घालण्याआधी कॉलेजचा अनिवासी दर बघा.

अडचण वेळेची आहे. नियमाप्रमाणे एका युनिटमागे वर्ग, लॅब आणि घरचा अभ्यास धरून किमान ४८ तासांचं काम असतं. ५ युनिटांचे झाले २४०. नेहमीच्या १६ आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला १५ तास येतात, ८ आठवड्यांच्या समरमध्ये ३० आणि ६ आठवड्यांच्या समरमध्ये थेट ४०. सहा आठवड्यांच्या कोर्ससोबत अर्धवेळ नोकरी किंवा दुसरा विषय घेणं म्हणूनच चूक आहे. ८ आठवड्यांचा पर्याय जवळच्या दुसऱ्या कॉलेजात असेल, तर रोजचा तासभर जास्त प्रवास सोसूनही तोच घ्यावा.

गाडी रुळावरून घसरते ती दुसऱ्या आठवड्यात, मोलच्या (पदार्थातले कण मोजायच्या एककाच्या) हिशेबात. तोवर आयनांची (विद्युतभार असलेल्या अणूंची किंवा अणुगटांची) नावं पाठ नसतील तर समीकरणच लिहिता येत नाही, आणि समीकरण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम, हायड्रॉक्साइड असे वीस-पंचवीस आयन भारासकट कोर्स सुरू होण्याआधीच पाठ करा. लिमिटिंग रिएजंटचं, म्हणजे आधी संपून उत्पादन थांबवणाऱ्या पदार्थाचं, उदाहरण घ्या. ५.४० ग्रॅम ॲल्युमिनियम आणि १४.२ ग्रॅम क्लोरीन वायू यांच्यापासून ॲल्युमिनियम क्लोराइड बनवायचं आहे. वजन पाहून ॲल्युमिनियम कमी वाटतं. मोल काढले तर दोन्ही ०.२०० येतात. समीकरणात मात्र २ मोल ॲल्युमिनियमला ३ मोल क्लोरीन लागतो, म्हणजे इथे ०.३०० मोल हवा होता. आधी संपतो तो क्लोरीन, आणि उत्पादन निघतं १७.८ ग्रॅम. ही पायरी हातात बसायला असली पंधरा-वीस गणितं लागतात. सोळा आठवड्यांच्या सत्रात ती सावकाश होतात. समरमध्ये दोन-अडीच दिवसांत नवा धडा सुरू होतो आणि वायूंचे नियम, द्रावणांची मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल), उष्णतेचे हिशेब सगळे याच पायरीवर उभे राहतात.

महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून आलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. अडखळायला होतं ते सार्थ अंकांपाशी, म्हणजे मोजमापातले भरवशाचे आकडे किती लिहायचे यापाशी. आपल्याकडे प्रॅक्टिकलला ब्युरेटचं (द्रावण मोजून सोडायच्या खुणांच्या काचनळीचं) रीडिंग १०.२ असं एका दशांशावर थांबतं. इथे ०.१ मिलिलिटरच्या दोन रेघांमधलं अंतर डोळ्यांनी अंदाजून १०.२३ असं लिहावं लागतं, आणि ‘१०.२’ लिहिलं की गुण कापतात. तो शेवटचा अंदाजाचा आकडाही मोजणीचाच भाग धरतात. लॉग टेबलची गरज नाही, पण कॅल्क्युलेटरने दिलेले आठ आकडे जसेच्या तसे उतरवायचे नाहीत.

लॅब हा या कोर्सचा सर्वांत चांगला भाग आहे आणि घाईचा सगळ्यात जास्त फटकाही तिलाच बसतो. सोडियम हायड्रॉक्साइडची नेमकी मोलॅरिटी काढण्याचा प्रयोग जवळपास सगळीकडे असतो. साधारण ०.५ ग्रॅम केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) पाण्यात विरघळवून, फिनॉल्फ्थॅलीनचे (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या दर्शकाचे) २-३ थेंब टाकून ०.१ मोलरच्या आसपासचं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ब्युरेटमधून सोडायचं. त्याला सुमारे २४.५ मिलिलिटर लागायला हवं. आकडा भलताच आला तर तीन गोष्टी तपासा. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन लगेच भरली असेल तर द्रावण पातळ होतं. भरण्याआधी त्याच द्रावणाने दोनदा खळबळून घ्यावी. नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच सुटला, तर तेवढं द्रावण वापरलं गेल्यासारखं दिसतं. तिसरी चूक रंगाची: गडद गुलाबी म्हणजे पुढे गेलात. जेमतेम दिसणारा गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबायचं. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने फिका पडतो, म्हणून आणखी थेंब टाकू नका.

तांब्याच्या चक्राच्या प्रयोगात तांबं नायट्रेट, हायड्रॉक्साइड, ऑक्साइड, सल्फेट असं फिरून पुन्हा तांबं होतं. शेवटी शंभर टक्क्यांहून जास्त तांबं मिळालं तर ते ओलं आहे किंवा त्यात शेवटच्या पायरीला टाकलेलं झिंक उरलं आहे. रिपोर्टमध्ये ‘मानवी चूक’ लिहून गुण मिळत नाहीत. नेमकं कारण आणि त्याने आकडा वाढेल की घटेल, हे लिहावं लागतं. समरमध्ये आठवड्याला अनेकदा दोन-तीन लॅब असतात, तेव्हा रिपोर्ट त्याच संध्याकाळी संपवा. उन्हाळ्यात सँडल आणि अर्धी पँट घालून आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात, आणि बुडलेली लॅब भरून काढायला समरमध्ये दिवसच नसतो. गॉगल रसायनांचे शिंतोडे अडवणारा, चारही बाजूंनी बंद असा हवा. साधा सुतारकामाचा चष्मा चालत नाही.

काही कॉलेजं अंतिम परीक्षा म्हणून अमेरिकन केमिकल सोसायटीचा पेपर देतात: ७० बहुपर्यायी प्रश्न, ११० मिनिटं. आपल्या कॉलेजात तो आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण त्याची तयारी वेगाची असते.

प्रवेशाआधी दोन चौकशा करा. पुढे ज्या विद्यापीठात जायचं आहे ते हा कोर्स मान्य करतं का, हे राज्याच्या असिस्ट संकेतस्थळावर दिसतं. ऑनलाइन लॅब असेल तर त्या विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या. दुसरी तारखांची. छोट्या सत्रात फी परत मिळण्याची मुदत कोर्सच्या पहिल्या १० टक्क्यांत संपते, म्हणजे सहा आठवड्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची गुणपत्रिकेवरची नोंद) घेऊन बाहेर पडण्याची मुदत फार तर ७५ टक्क्यांपर्यंत असते. पहिल्या चाचणीचा निकाल फी परतीच्या मुदतीनंतर येतो, म्हणून मोलची दहा गणितं पहिल्या दोन दिवसांतच स्वतः सोडवून बघा आणि सात सुटली नाहीत तर तिसऱ्या दिवशी नाव काढून घ्या.