घरच्या घरी चांदीला डाख: छोट्या ब्युटेन टॉर्चचे आठ महिने

आईच्या जोडव्याला चीर गेली होती. दोन सराफांकडे गेले, दोघांनीही तेच सांगितलं, मोडीत घाला आणि नवीन घ्या. लग्नातली जोडवी ती, मोडीत कशी घालणार? त्याच आठवड्यात हातात मावणारा, पुन्हा भरता येणारा ब्युटेनचा टॉर्च मागवला. सोबत डाख नीट वाहावा म्हणून लावायचा टाकणखार, चांदीचा डाख (सांधा जोडणारा, चांदीपेक्षा कमी आचेवर वितळणारा धातू), खाली ठेवायला उष्णता सोसणारी फायर ब्रिक आणि दोन चिमटे.

पहिला महिना वाया गेला असं वाटलं होतं. ज्योत थेट डाखावर धरायचे. डाखाचा गोळा व्हायचा आणि तो मोहरीसारखा जागच्या जागी बसून राहायचा. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. सांध्याला दिलेली आच क्षणात सगळ्या दागिन्यात पसरते. म्हणून आधी अख्खं जोडवं तापवायचं, ज्योत गोल फिरवत, आणि सांध्याकडे शेवटी यायचं. डाख जिथे जास्त तापलंय तिकडे धावतो. आणि तो फट भरत नाही. दोन्ही तोंडं कानशीने घासून इतकी जुळवा की उजेडासमोर धरल्यावर मधून काही दिसता कामा नये. माझा निम्मा वेळ आजही इथेच जातो आणि तो जायलाच हवा.

टाकणखाराकडे नीट बघायला शिकले तेव्हापासून हात बसला. पाण्यात कालवून लावला की आधी तो लाहीसारखा पांढरा फुगतो. याच वेळी डाखाचा तुकडा सरकतो, तेव्हा आच मंद ठेवून चिमट्याने तो परत जागेवर आणायचा. मग फुगलेलं खाली बसतं आणि काचेसारखं चकाकतं. चांदी मंद लाल दिसायला लागते, आणि एका क्षणी सांध्यावरून चमकती रेघ पळत जाते. ज्योत तिथेच बाजूला घ्यायची. 925 चांदी (म्हणजे 92.5 टक्के चांदी) साधारण 800 अंश सेल्सियसला वितळायला लागते, हार्ड डाख, म्हणजे जास्त आच लागणारा, त्याच्या थोडाच खाली वाहतो. दोन सेकंद जास्त धरलेल्या एका अंगठीची कड माझ्या डोळ्यांदेखत वितळून खाली बसली. नवशिक्यांनी कमी आचेवर वितळणाऱ्या इझी डाखाने सुरुवात करावी, तो 700 च्या आसपास वाहतो. खिडकीतल्या उन्हात काम करू नका, लाली दिसतच नाही.

टॉर्चबद्दल: जोडवी, अंगठ्या, साखळीच्या कड्या, कानातल्याची तार, एवढ्यासाठी उत्तम. जाड कडं मात्र तापतच नाही, मी तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं. पाचव्या महिन्यात ठिणगीचं बटण बंद पडलं, आता स्वयंपाकघरातल्या लायटरने पेटवते. नाशिकच्या जानेवारीत पहाटे ज्योत मरगळते, कारण थंडीत ब्युटेनचा दाब कमी होतो. दुपारी काम केलं की हा त्रास नाही. भरताना जवळ कुठेही आग नको, आणि भरल्यावर पाच मिनिटं थांबूनच पेटवा.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. डाख घेताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारूनच घ्या. त्याचा धूर फुफ्फुसांना घातक असतो, आणि बंद खोलीत तर हे काम करूच नका. दुसरं, पोकळ मणी किंवा बंद घुंगरू छिद्र पाडल्याशिवाय तापवू नका. आतली हवा आणि ओल फुगून तो फुटतो. खडे, मोती आधी काढून ठेवा.

डाखानंतर काळवंडलेला दागिना आधी पाण्यात गार करायचा, मग लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. त्यात लोखंडी चिमटा बुडवला की चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो, म्हणून मी प्लास्टिकचा वापरते. शेवटी रिठ्याच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने घासते.

आईचं जोडवं मी नवव्या प्रयत्नात, तांब्याच्या तारेवर आणि जुन्या कड्यांवर हात बसवल्यानंतरच हातात घेतलं. सांधा आतल्या बाजूला आहे, नखाला लागतो पण दिसत नाही. तिने संक्रांतीपासून ते पायातून काढलेलं नाही.