सीएनजी पिकअपला साधा प्लग लावावा की इरिडियम?

डिझेलच्या पिकअपवाल्याला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या इंजिनात डिझेल नुसत्या दाबानेच पेटतं, ठिणगी देणाऱ्या स्पार्क प्लगचं कामच नसतं. पण छोट्या मालगाड्यांमध्ये आता सीएनजी चांगलीच रुळली आहे आणि प्लग बदलायचं काम घरी करणारेही गावोगाव दिसतात. मी इथे बोलतोय ते सीटखाली इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांबद्दल. मारुतीची सुपर कॅरी, पेट्रोल किंवा सीएनजीवरचा टाटाचा छोटा हत्ती, त्या जातीच्या. मोठं बॉनेट उघडून समोर सगळं इंजिन दिसणाऱ्या गाडीला माझा निष्कर्ष तसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

साधे आणि टोकाला इरिडियम धातू असलेले, दोन्ही प्रकारचे प्लग माझ्या गाडीत चालून झालेत. मी पुरंदर तालुक्यातला. अंजीर आणि सीताफळाच्या हंगामात पहाटे माल घेऊन दिवे घाट उतरायचा, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात खाली करायचा आणि येताना सरकी पेंड किंवा खताच्या गोण्या भरून तोच घाट चढायचा, हा माझ्या गाडीचा नेहमीचा रस्ता. चढताना गाडी भरलेली असते हे महत्त्वाचं, कारण प्लगची खरी परीक्षा तिथेच होते. माउलींच्या रथालाही या घाटात जादा बैलजोड्या लावतात.

साधा प्लग झिजायला लागला की लक्षण एकच. सपाटीवर गाडी छान पळते, हडपसरपर्यंत काही कळत नाही. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मिसिंग सुरू होतं, म्हणजे मधेच ठिणगी चुकते, गाडी झटके देते, दम सोडते. तेवढ्यात बटण दाबून पेट्रोलवर घेतली की गुमान चढते. पुष्कळजण मग सीएनजी किटला दोष देतात, इंजेक्टर साफ करून घेतात, फिल्टर बदलतात. तसं असूही शकतं, पण आधी प्लग काढून बघावा. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात गाडीवर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणजे ठिणगीला उडी मारणं आणखी अवघड. प्लगचा गॅप, म्हणजे मधलं टोक आणि बाहेरची दांडी यांतलं अंतर, झिजून वाढलेला असला की प्लगला वीज पुरवणारी कॉइल तिथे कमी पडते. पेट्रोलवर तोच प्लग अजून बरेच दिवस चालला असता.

साध्या प्लगचं मधलं टोक निकेल मिश्रधातूचं असतं, जाडी साधारण अडीच मिलीमीटर. दुकानात ज्याला कॉपर प्लग म्हणतात त्याचंही टोक निकेलचंच, तांबं आतल्या गाभ्यात असतं. नवीन असताना या टोकाच्या कडा धारदार असतात आणि ठिणगी कडेवरून उडते. झिजल्यावर त्या कडा गोल होतात. इरिडियमचं टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिलीमीटरचं. टोक बारीक असल्याने ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि इरिडियम सुमारे २४४६ अंशांना, त्यामुळे एवढं बारीक टोकही तग धरतं. बाकी वैशिष्ट्यं खोक्यावर छापलेली असतात, ती मी पुन्हा सांगत नाही.

नव्या साध्या प्लगवर आणि नव्या इरिडियमवर गाडी चालवताना मला फरक जाणवला का? खरं सांगायचं तर फारसा नाही. थंडीतल्या पहाटे पहिल्या स्टार्टला इरिडियम थोडा तयारीचा वाटला, एवढंच. मायलेज वाढतं असं दुकानदार सांगतात. माझ्या हिशोबात तसं काही ठळक दिसलं नाही. तुमच्या गाडीत कदाचित दिसेल. निव्वळ ताकदीसाठी कुणी इरिडियम घेत असेल तर मी त्याला थोडं थांबून विचार कर म्हणेन. एका इरिडियमच्या किमतीत साधे तीन-चार तरी सहज येतात.

मग माझं पारडं कशाने झुकलं? धुळीने.

या गाड्यांचं इंजिन सीटखाली असतं. प्लग बदलायचा तर सीट उचलायची, खालचं झाकण काढायचं आणि मग अरुंद जागेत हात घालायचा. एवढं मला चालतं, काम आवडीचं आहे. पण झाकणाखालचं दृश्य बघा. शेतरस्त्याचा मुरूम पिठासारखा बारीक होऊन सगळीकडे बसलेला असतो. त्यात पेंडीचा भुसा, खताच्या गोणीतून गळलेले दाणे, सीताफळाची वाळकी पानं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून तेल किंचित पाझरत असलं, तर कॉइल उपसल्यावर प्लगभोवतीच्या खोल खड्ड्यात तेल आणि मातीचा राबच साचलेला सापडतो. माझ्या गाडीत पुढचे दोन प्लग तरी टॉर्चच्या उजेडात दिसतात. मागचे दोन नुसत्या बोटांच्या अंदाजाने काढावे लागतात, आणि नेमके त्याच दोघांच्या खड्ड्यात जास्त माती असते.

प्लग सुटला त्या क्षणी त्या खड्ड्याचा तळ म्हणजे थेट सिलिंडरचं उघडं तोंड. तिथे मुरमाचे चार कण पडले तर ते पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतात आणि गाडी चालू केली की सिलिंडरची भिंत ओरखडतात. प्लगचे पैसे वाचवून इंजिनाचं आयुष्य घालवायचं, हा सौदा मला कधीच पटला नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी सगळा सोपस्कार करतो. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचं, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, डोळ्यांवर चष्मा लावून खड्ड्यात हवा मारायची, राब असेल तर काडीला फडकं गुंडाळून पुसून घ्यायचा. मग प्लग फक्त अर्धा फेरा सैल करायचा आणि पुन्हा हवा मारायची, कारण प्लगच्या कडेला अडकलेली माती सैल झाल्यावरच सुटते. त्यानंतरच पूर्ण काढायचा. पायपंपाची हवा पुरत नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जवळ असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याच दारात लावावी. चार प्लगांसाठी हे सगळं करायला अख्खी सकाळ जाते, आणि त्यातला प्लग बदलण्याचा वेळ अगदी थोडा असतो.

साध्या प्लगवर सीएनजी चालवली आणि घाट रोजचा असला, की हा सोपस्कार वारंवार करावा लागतो. दरवेळी माती आत जायची तीच भीती. प्लग उत्तम असला तरी मला तो कमी वेळा उघडायचा होता. इरिडियमने ते साधलं.

साध्या प्लगच्या बाजूने बोलणारे म्हणतात की वरचेवर उघडल्याने प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत कळते. पेट्रोलच्या गाडीत हे खरं आहे. काळा काजळलेला, तेलकट, पांढराफटक, प्रत्येक रंग काही सांगतो. पण सीएनजी इतकी स्वच्छ जळते की प्लग बहुतेक वेळा फिकट, कोराच निघतो. तेल जळत असेल तर तेवढं कळतं. बाकी रंगावरून सीएनजीत फार वाचता येत नाही, असा माझा अनुभव.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र भक्कम आहे. साध्या प्लगचा गॅप फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून बाहेरची दांडी हलकेच ठोकून कमी करता येतो. गाडीच्या पुस्तिकेत सीएनजीसाठी जो गॅप दिला असेल तो बिनधास्त लावता येतो, आणि झिजलेला प्लग तात्पुरता पुन्हा चालता करता येतो. इरिडियमचं ते केसाएवढं टोक गेजच्या धक्क्यानेही तुटू शकतं. तो योग्य गॅपचाच बघून घ्यावा लागतो, आणि हातातून फरशीवर पडला तर मी तो गाडीत घालत नाही.

इरिडियम घेणार असाल तर एक गोष्ट दुकानात नक्की तपासा. इरिडियममध्ये दोन जाती आहेत. एका जातीत मधलं टोक इरिडियमचं पण बाहेरची दांडी साध्या निकेलची. दुसऱ्या जातीत त्या दांडीवरही प्लॅटिनमचा किंवा इरिडियमचा छोटा ठिपका जडवलेला असतो. पहिल्या जातीत मधलं टोक टिकतं पण बाहेरची दांडी झिजते आणि गॅप वाढायचा तो वाढतोच. कमी वेळा उघडणं हाच हेतू असेल, तर पैसे दुसऱ्या जातीवर घालावेत. ठिपका भिंगाशिवायही दिसतो. पहिली जात बरीच स्वस्त असते म्हणून तीच पुढे केली जाते. नकली मालही बाजारात फिरतो. मला एकदा अशा खोक्यातून टोक किंचित तिरकं बसलेला प्लग मिळाला होता. तेव्हापासून मी पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घेतो आणि चारही प्लग तिथेच उघडून बघतो.

इरिडियमची खरी भीती वेगळीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्लगचं अंग लोखंडाचं, आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. फार काळ न हलवलेला प्लग आट्यांमध्ये धरून बसतो आणि जबरदस्तीने काढताना हेडचे आटेच बाहेर येऊ शकतात. ते काम घरी निस्तरत नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय पाना लावायचा नाही, आणि अडला तर थोडा सैल, थोडा परत घट्ट असं करत काढायचा. बसवताना आट्यांना ग्रीस किंवा लेप लावायची सवय काही मेस्त्रींना असते. आजच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, त्याला लेपाची गरज नाही. उलट लेपाने घर्षण कमी होऊन प्लग हवा त्यापेक्षा जास्त आवळला जातो. सुरुवातीचे आटे रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून बोटांनी फिरवावेत. तिरका बसत असेल तर नळी घसरते आणि आटे वाचतात. शेवटचं आवळणं १४ मिलीमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलीमीटरच्या प्लगला १५ ते २०. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला १४ मिलीमीटरचा नवीन प्लग हाताने टेकल्यावर अर्ध्या फेऱ्यापेक्षा थोडं जास्त फिरवला की पुरे. दोन्ही प्रकारांना हेच माप.

हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा नंबर, मात्र दोन्हीत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. सीएनजीला एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, प्लग लावा असा सल्ला मिळतो आणि सतत भरलेल्या गाडीला तो लागूही पडत असेल, पण मला गरज पडली नाही. बदलायचाच असेल तर एवढं ध्यानात असू द्या की एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम.

तुमची गाडी शहरातल्या डांबरी रस्त्यावर फिरत असेल, इंजिनावर माती बसत नसेल आणि घाट नसेल, तर साधे प्लग वेळच्या वेळी बदलत राहणं स्वस्तात पडेल आणि त्यात काही वावगं नाही. दोन-चार वर्षांत गाडी विकायचा विचार असेल तरीही साधेच घ्या. इरिडियमचे पैसे विकताना परत मिळत नाहीत. पण रस्ता शेताचा, माल भुशाचा आणि चढ रोजचा असेल, तर मी दोन्ही टोकांना ठिपका असलेल्या इरिडियमकडे बोट दाखवीन. खर्चाची बरोबरी होते की नाही हे मी पैशात मांडलेलं नाही. तो खड्डा किती वेळा उघडावा लागला, एवढाच माझा हिशोब आहे.

माझ्या गाडीत आता तेच चालू आहेत. डॅशबोर्डच्या खणात दोन नवे साधे प्लग, प्लग पाना आणि नळीचा तुकडा असतो, कारण वाटेत एखादा इरिडियम दगावला तर रात्री फुरसुंगीपासून सासवडपर्यंत त्या मापाचा दुसरा मिळेल याची खात्री नाही. असा मिश्र संच घरी पोचण्यापुरताच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी गाडी थंड झाली की चारही सारखे करून घ्यायचे.